हात लाव वं

टोपलं सासूबाईंच्या डोक्यावर गेलं, चुंबळीवर बसलं; सासूबाईंनी मान जराशी डावी-उजवी करून तोल घेतला आणि त्या फाटकाबाहेर पडल्याही. मग अंजनाच्या ध्यानात आलं, की आपला उजवा हात अजून वरच आहे. डोक्याच्याही वर. पंजा उघडा, बोटं टोपल्याच्या बुडाचा गोलवा धरून तशीच वाकलेली, आणि त्या बोटांमधून पौषातलं कोवळं ऊन तिच्या चेहऱ्यावर पडत होतं. हा हात कोणाचा, असा एक वेडगळ प्रश्न तिच्या मनात आला. कारण तिचा हात तर खांद्याच्या उंचीशी अडतो. भिंतीवर बोटांनी चढत चढत तो तिथवर जातो आणि हट्टी बैलासारखा उभा राहतो. आणि हा वर! गाजरं, वांगी, सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या आणि वर संक्रांतीच्या वाणासाठी हरभऱ्याचे घाटे, असं शिगोशीग भरलेलं टोपलं त्यानं आत्ता वर चढवलं होतं. अंजनाला हसू फुटलं. आणि हसता हसताच तिला खांदा आठवला.

माळ्याच्या घरी ‘हात लाव वं’ या शब्दांवर कोणी विचार करत नाही. भरलेलं टोपलं एकटीला उचलता येत नाही, ते दुसरीनंच डोक्यावर चढवून द्यावं लागतं. वाटेत ओळख ना देख अशी बाई भेटली तरी तिला ‘हात लाव वं माय’ म्हणायचं, आणि तिनं हातातलं काम टाकून हात लावायचा. वर्षभर बोलचाल बंद असलेल्या जावासुद्धा तेवढ्यापुरत्या तोंड फिरवून हात लावतात. अंजना कळती झाल्यापासून, म्हणजे अमरावतीच्या कॉलेजात जाऊन बी.ए. होण्याच्या कितीतरी आधीपासून, हे तिच्या अंगात मुरलेलं. रोज सकाळी हे काम गुलाबराव करायचे, पण ते आज झाकटीलाच, उजाडायच्या आत, मळ्यात गेले होते. सासूबाई अंगणात उकिडव्या बसून, डोळे रस्त्याकडे लावून, सवयीनं म्हणाल्या, “हात लाव वं.” आणि अंजना दारात केस पुसत होती, तिनं टॉवेल खांद्यावर टाकला आणि जाऊन हात लावला. दोघींपैकी एकीलाही आठवलं नाही, की कुवारात, म्हणजे आश्विनात, हिचा खांदा निखळला होता. दोन महिने हात गळ्यातल्या झोळीत होता. आणि डोक्यावर वजन न्यायचं नाही, असं अकोल्याच्या डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं.

तिनं हात झटकन खाली आणला नाही. एवढं भान तिला आलं. डाव्या हातानं उजव्याचं कोपर धरून, फडताळातून तेलाची बुधली उतरवावी तसा तो हळूहळू उतरवला, आणि स्वतःच्याच अंगाला कान लावून उभी राहिली. ओढ की चमक? डॉक्टरांनी दोनच शब्द दिले होते. स्नायू ताणल्यासारखी ओढ लागली तर लागू द्या, ती चांगली. चमक निघाली, सुई टोचल्यासारखी, तर तिथंच थांबा. गेले कितीक दिवस ती या दोन शब्दांत राहत होती. बाळाचा श्वास ऐकावा तसा ती खांद्याचा श्वास ऐकत असे. आत्ता ओढ होती. काखेपासून कोपरापर्यंत दोरी ताणल्यासारखी, गरम. आणि चमक? चमक नव्हती. की होती, आणि ती हसत होती म्हणून कळली नाही? बोटं हलतात का? हलतात. करंगळीला मुंग्या? नाहीत. खांद्याचा गोलवा दोन्हीकडे सारखा आहे का? ती आरशाकडे धावली, पदर बाजूला केला. सारखा होता. डावीकडे एक खांदा, उजवीकडे एक खांदा, आणि मध्ये एक लालबुंद झालेली, डोळे विस्फारलेली बाई.

‘खांदा म्हणजे उथळ बशीत ठेवलेला लिंबू,’ डॉक्टर म्हणाले होते. ‘लिंबू आम्ही परत बशीत ठेवलाय. पण बशीला काठ नाही. भोवतीचं मांसच त्याचा काठ. त्याला पुन्हा पहाऱ्यावर उभं करायचं काम तुमचं, आणि ते घरीच.’ तेव्हापासून ती ते करत होती. आधी मिठाच्या पुरचुंडीनं शेक. मग डावा हात चौरंगावर टेकून कमरेत वाकायचं आणि उजवा हात नुसता लोंबता सोडायचा, विहिरीत पोहरा सोडावा तसा. तो आपणहून झुलतो, त्याला झुलवायचं नाही. मग लहान लहान वर्तुळं. ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, “हवेत फिरवून काय होते? जात्यावर बस, दळणबी होईल.” मग चटईवर उताणं पडून दोन्ही हातांत वेळूची काठी धरायची आणि धडधाकट हातानं दुखऱ्याला वर ढकलायचं, म्हाताऱ्या माणसाला हात धरून पायरी चढवावी तसं. मग भिंत. भिंतीशी ती एकटी असायची. स्वयंपाकघरातल्या पांढऱ्या मातीनं सारवलेल्या भिंतीवर तर्जनी आणि मधलं बोट आळीपाळीनं वर चढायचं, दोडक्याचा वेल मांडवावर चढतो तसं, चाचपत. जिथं थांबलं तिथं श्वास सोडायचा. आणखी अर्धं बोट. आणि तिथून पुढं नाही. कधीच नाही.

पण टोपलं तर पुढं गेलं! ती भिंतीकडे गेली. आज पाहूच, असं म्हणून बोटं टेकवली, आणि बोटं निघाली, खांद्याच्या वर, कानाच्या वर. तिचं काळीज असं उडायला लागलं, की कॉलेजात वादविवादाला नाव पुकारलं गेलं तेव्हाही उडालं नव्हतं. कपाळाच्या वर! आणि तिथं तिनं खाली पाहिलं. विहिरीच्या काठावर उभं राहून खाली पाहावं तसं. बोटं थिजली. हात अडला नव्हता. ती अडली होती. हे तिला इतकं लख्ख कळलं, की तिनं हात काढून घेतला आणि उगाचच पदराला पुसला. मग आजवर भिंतीवर काय अडत होतं? मांस, की आणखी काही?

झोळीत नथ्थू कुसकुसला. मुलाचं खरं नाव सुधाकर. पण सासूबाईंना गुलाबरावांच्या आधी झालेले दोन मुलगे राहिले नाहीत, म्हणून त्यांनी नातवाचं नाक टोचून घेतलं आणि यमाला फसवायला त्याला नथ्थू केलं. अंजनानं आधी विरोध केला, मग तीही नथ्थूच म्हणू लागली, न जाणो! आज त्याची लूट. पहिल्या संक्रांतीला मुलाला हलव्याचे दागिने घालून पाटावर बसवायचं, डोक्यावरून बोरं, मुरमुरे, उसाचे करवे ओतायचे, आणि आळीतल्या पोरांनी ते लुटायचं. पाटावर त्याला मांडीत घेऊन कोण बसणार, हे कोणी विचारलंही नव्हतं. सासूबाई बसणार. कुवारापासून तो त्यांच्याच कडेवर आहे. रडला की त्यांच्याकडे हात करतो, झोपेत त्यांच्या लुगड्याचा काठ मुठीत धरतो. अंजना त्याला बसल्या बसल्या पाजते. कोणीतरी आणून मांडीवर ठेवतं आणि कोणीतरी उचलून नेतं. देवाला नैवेद्य दाखवून ताट उचलून न्यावं, तसं.

नथ्थू आता जोरात रडायला लागला. ती झोळीपाशी गेली, दोरी धरून झोका दिला, “ओ ओ माझ्या राजा” म्हणाली. त्यानं झोळीच्या काठावरून डोकं काढलं, तिच्याकडे पाहिलं, आणि तिच्या मागं दुसरं कोणी आहे का ते पाहिलं. ते पाहणं तिला लागलं. तिनं हात पुढं केले. दोन्ही. आणि तिथंच ते थांबले, कारण तेवढ्यात शिरपूरची वाट डोळ्यांपुढं आली. ती नेहमी अशीच येते, डोळे उघडे असताना. शिरपूरहून परतताना नाल्यापाशी बैलबंडी थांबलेली. ती उतरायला निघालेली. डाव्या हातावर नथ्थू, उजवा हात बंडीच्या उभ्या दांड्याला. झुडपातून तितर फडफडून उडाला, बैल बिचकले, बंडीनं हिसका खाल्ला आणि पायाखालून सगळं निघून गेलं. मग खांद्यात एक पांढरा उजेड. मग काही नाही. मग डोळे उघडले तेव्हा आभाळ, आणि लांबून त्याचं रडणं. मान वळवली तर नथ्थू तिथं, मातीत, एका गोणपाटावर पालथा पडलेला. आणि आपले दोन्ही हात रिकामे. एवढंच. मधलं काही तिच्याजवळ नाही. पण मधलं काही नसलं तरी माणसाला हिशेब करता येतो. ती तर्कशास्त्र शिकलेली बाई. हातात होता, मग जमिनीवर होता. म्हणजे मी सोडला. तिनं हे कोणाला विचारलं नाही. विचारलं असतं तर कोणीतरी ‘व्हय’ म्हटलं असतं.

“काय वं अंजनाबाई, पोट्टं गळा काढून राह्यलं आन तू त्याची आरती करून राह्यली काय हात पसरून?” शेजारच्या अंगुरीबाई दारात. उत्तमचंद किराणेवाल्यांची बायको; हातात हलव्याच्या दागिन्यांचं ताट. त्यांनी ताट कोनाड्यात ठेवलं, नथ्थूला झोळीतून असं उचललं जसं काही दुकानातून साखरेची पुडी उचलावी, आणि कडेवर टाकलं. तो लगेच गप्प. “आरे मेरे लाल! भूक लागली का रे? तुही माय भिंतीवरच्या मुंग्या मारते सकाळपासून, तुले कोन पायते?”

“मुंग्या नाई मारत, अंगुरीबाई. व्यायाम करतो मी.”

“कर बाई कर. माह्या खिडकीतून दिसते मले. एक मुंगी मेली नाई आजवर.” त्या खिदळल्या. अंजनाही हसली, आणि हसता हसता बोलून गेली, “मी आज आत्याबाईच्या डोक्यावर टोपलं चढवलं!” अंगुरीबाईंचं हसू थांबलं. त्यांनी नथ्थूला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि तिला खालून वर न्याहाळलं. “हाय राम. आन खांदा?” “खांदा आहे.” “आहे म्हंजे?” “म्हंजे जागेवर आहे!” हे ती इतक्या मोठ्यानं म्हणाली, की नथ्थूनं दचकून तिच्याकडे पाहिलं.

त्याला पाजताना, अंगुरीबाईंनी मांडीवर ठेवून दिलेला तो ऊबदार भार छातीशी असताना, तिनं ती गोष्ट पुन्हा मनात काढली जी ती रोज काढते आणि रोज मिटून ठेवते. मागच्या खेपेला आगगाडीनं अकोल्याला गेली तेव्हा गुलाबराव औषध आणायला बाहेर गेले होते. डॉक्टरांनी हात सगळीकडून फिरवून पाहिला आणि विचारलं, “मूल केवढं आहे? आता उचला त्याला.” ती म्हणाली, “उचलू?” “का नाही? बसून उचला. दोन्ही कोपरं अंगाला चिकटवून, त्याला छातीशी ओढून घ्या. लांबून हात करून नाही, आणि झटक्यानं नाही. डोक्याच्या वर मात्र काही न्यायचं नाही, आणि हात बाजूला पसरून मागं टाकायचा नाही.” घरी येऊन तिनं शेवटचं अर्धं सांगितलं. पहिलं अर्धं, उचलायचं, सांगितलं नाही. खोटं काही बोलली नव्हती ती, फक्त अर्धं. आणि आज काय झालं? जे करू नका म्हणाले ते न कळत करून बसली, आणि जे करा म्हणाले ते कळून-सवरून टाळते आहे. हे इतकं उलटं होतं, की तिला ते कोणालातरी ओरडून सांगावंसं वाटलं. तिच्या अंगात सकाळपासून काहीतरी सारखं चढत होतं, दूध उतू जायच्या आधी कडांनी चढतं तसं.

बाजार संध्याकाळी उठतो. पण दुपार व्हायच्या आतच फाटक धाडकन उघडलं आणि प्रयागबाई, म्हणजे सासूबाई, आत आल्या. टोपलं अर्धं भरलेलंच. मागून गुलाबराव पळत, खांद्यावर उसाची मोळी, त्यांना वाटेतच आईनं गाठलेलं. सासूबाईंनी टोपलं कोणाची वाट न पाहता ओट्यावर आदळलं, गाजरं अंगणभर घरंगळली.

“हात दाखव!”

“आत्याबाई, काई झालं नाई.”

“दाखव म्हनतो ना! चौकापाशी गेलो आन ध्यानात आलं माह्या, बाप्पा, गुलाब त मळ्यात आहे, मंग टोपल्याले हात कोनं लावला? वांगे काय भावानं इकले मले मालूम नाई. आन तू बी अशी कशी वं? ‘नाई’ म्हनता येत नाई तुले? यवढं शिकली तू!”

“तुमी हात लाव म्हटलं, मी लावला.”

“मी म्हटलं म्हनून!” सासूबाईंनी कपाळाला हात मारला. गुलाबरावांनी मोळी टाकली आणि ते तिच्या खांद्याकडे असे पाहू लागले, की जणू तिथून आता पाखरू उडणार आहे. “अकोल्याची गाडी सापडते अजून,” ते म्हणाले. “निघायचं का?” तिनं त्यांच्यासमोर हात पुढं केला, वाकवला, कोपर अंगाशी धरून पंजा बाहेर नेला, आत आणला. सावकाश. त्या दोघांचे डोळे त्या हातामागं मांजराच्या डोळ्यांसारखे फिरत होते. “आता ओढबी गेली,” ती म्हणाली. “मुंग्या नाई, सूज नाई, चमक नाई. उद्या दुखलं त जाऊ. पन आता असं टोपलं पुन्हा उचलनार नाई, ते नशीब होतं.” सासूबाई मटकन पायरीवर बसल्या.

“भाऊसिंगले बोलावू का? तालमीतला मानूस आहे. एक झटका देते आन—”

“झटका नाई!” हे तिघंही एकदम म्हणाले, सासूबाई स्वतःसुद्धा, वाक्य अर्धं सोडून. मग गुलाबराव हसले, आणि सासूबाई हसल्या नाहीत, पदरानं तोंड पुसत राहिल्या. “मले त्या नाल्यावरलंच दिसत होतं वं, रस्ताभर,” त्या म्हणाल्या. “तसंच पुन्हा होते का काय.”

नाला. तो शब्द या अंगणात इतक्या दिवसांत कोणी उच्चारला नव्हता. आज नाही विचारलं तर मग कधीच नाही, असं अंजनाला वाटलं. आज अंगात जे चढलं आहे ते उतरायच्या आत.

“आत्याबाई, एक विचारू? तवा मी त्याले टाकलं होतं का?”

“कोनाले?”

“नथ्थूले.”

सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग गुलाबरावांकडे, मग पुन्हा तिच्याकडे. “टाकलं? कोन म्हनते टाकलं?”

“मी पायलं ना. तो खाली होता. मातीत.”

“मीच ठेवला होता खाली! माहा गोनपाट टाकून! अवं माय, तू त दांड्याले लटकली होती. खांदा बाहेर आला तरी मुठ उघडेना तुही, आन दुसऱ्या हातात पोट्टं छातीले असं दाबलेलं, की त्याचं तोंड निळं पडलं. डोळे पांढरे तुहे. मी ‘सोड माय, सोड’ म्हनून राह्यलो, तू आयकायले तयार नाई. आधी त्याले ओढून काढलं, गोनपाटावर ठेवलं, मंग गुलाबनं तुले खालून धरलं आन म्या दांड्यावरची तुही बोटं उकलली, एक एक करून. टाकलं म्हने!” आणि मग एकदम आवाज खाली आणून, “ते तुले मालूम नव्हतं?”

“नाई.”

“मले वाटलं तुले मालूम आहे. तुहंच त आंग होतं.”

अंजना आपल्या उजव्या पंजाकडे पाहत होती. मधला तो कोरा तुकडा, ज्याच्यावर तिनं एवढे महिने एकच वाक्य लिहून ठेवलं होतं, तो असा आतून हलायला लागला. गुलाबराव गाजरं गोळा करायला वाकले, कारण बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं, तर ते आईसमोर पाहायचं कसं. आणि तिला रडू येतही नव्हतं. तिला अंगणात गरगर फिरावंसं वाटत होतं.

“आत्याबाई, डॉक्टरनं मले त्याले उचलायले सांगतलं आहे.”

“कधी?”

“मागच्या खेपेले.”

सासूबाईंचे डोळे बारीक झाले. हिशेब जुळायला थोडा वेळ लागला. “मागच्या खेपेले! आन इकडे माही कंबर मोडून राह्यली तवापासून! आयकलं का रे गुलाब? बी.ए. केलं हिनं!” पण त्या उठल्या, तिच्याजवळ आल्या, आणि तिच्या खांद्यावर हात ठेवायला गेल्या, मग भिऊन तो दुसऱ्या खांद्यावर ठेवला.

दिवेलागणीच्या जरा आधी पाट मांडला. आळीतल्या बायका आल्या, पोरं अंगणभर, अंगुरीबाई उसाचे करवे तोडत बसलेल्या. नथ्थूला हलव्याचा मुकुट, हलव्याचे बाजूबंद. तो एक मणी तोंडात घालायला पाहत होता आणि प्रत्येक बाई त्याचा हात धरत होती. अंजना पाटावर बसली. नथ्थू समोर चटईवर. सगळ्या बायका सासूबाईंकडे पाहू लागल्या, आता या देतील म्हणून. सासूबाई हात मागं बांधून उभ्या राहिल्या.

तिनं कोपरं अंगाला लावली. पुढं सरकली, अगदी त्याच्याजवळ, म्हणजे लांबून हात करायला नको. दोन्ही पंजे त्याच्या काखेत घातले. श्वास सोडला. आणि उचललं.

बाप्पा, किती जड! हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. तिच्या हातांच्या आठवणीत एक हलकं, लोळागोळा पोर होतं, आणि हे तर गच्च भरलेलं, लाथा मारणारं, पाठ ताणणारं, आपली एक मर्जी असलेलं माणूस. ओढ लागली. लागू दे. तिनं त्याला छातीशी घेतलं, त्याच्या मुकुटाचे काटे तिच्या हनुवटीला टोचले, त्याच्या मानेला तेलाचा आणि सासूबाईंच्या लुगड्याचा वास येत होता. “घे वं, वत!” कोणीतरी ओरडलं, आणि वरून सगळं एकदम कोसळलं, बोरं, मुरमुरे, तिळाच्या रेवड्या, त्या दोघांच्याही डोक्यावरून, तिच्या पदरात, त्याच्या कानात, पोरांनी एकच गिल्ला केला आणि चारी बाजूंनी उड्या घातल्या. नथ्थू क्षणभर अवाक. मग त्यानं खाली पाहिलं, त्या सांडलेल्या, पळणाऱ्या, लाललाल सगळ्याकडे, आणि तो तिच्या हातांत उसळायला लागला. त्याला तिथं जायचं होतं. तिनं घट्ट धरलं. तो आणखी उसळला, तिच्या छातीवर दोन्ही तळवे टेकवून स्वतःला मागं ढकलू लागला, ओरडू लागला. ती हसत होती आणि सोडत नव्हती. आत्ता तर घेतला. आत्ता कुठं!

“सोड वं त्याले,” सासूबाई गलक्यातून म्हणाल्या. “लुटू दे.”

अंजनानं त्याला आणखी एक श्वासभर धरून ठेवलं. मग पुढं वाकली, कोपरं तशीच जवळ, आणि त्याला आपल्या हातांनी खाली, पोरांच्या गर्दीत, बोरांवर ठेवलं.